सीटवरचं दुखणं

नाशिक रोडला जुलै लागला की कपडे वाळायचे थांबतात. मुंबईसारखा कोसळणारा पाऊस इथे क्वचितच. इथली असते ती बारीक भुरभुर, सकाळी सुरू झालेली आणि रात्रीपर्यंत न थांबणारी. गॅलरीतली दोरी भरते, खुर्च्यांच्या पाठी भरतात, पंख्याखाली टॉवेल लटकतात. आणि नेमक्या याच दिवसांत आम्हा सायकलवाल्यांना घरात बसवत नाही. लॅम रोडने देवळाली कॅम्प, भगूर, पांढुर्ली, तिथून घोटीकडे वळलं की भाताची खाचरं. किंवा उलट्या दिशेला मोहदरी घाट चढून सिन्नर. वर्षातली माझी सगळ्यात जास्त सायकल पावसाळ्याच्या याच चार महिन्यांत चालते आणि त्वचेची दुखणीही याच चार महिन्यांत उद्भवतात.

गुडघे दुखले तर आम्ही बोलतो. चेन, गिअर, टायर, केळी की खजूर, यावर तर तासन् तास बोलतो. पण जांघेत खाज सुटली आहे, मांड्या काचून सोलवटल्या आहेत, बसायच्या जागी गळू आलं आहे, हा विषय कोणी काढत नाही. बायका तर नाहीच. मी शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं लांबच्या अंतराची सायकल चालवते. या विषयावर मीही गप्प राहिले होते आणि त्या गप्प राहण्याचं फळ घरातल्या तिघांनी मिळून भोगलं. आता मी कोणालाही, कुठेही, न लाजता सांगते.

नाशिकला सायकलचं वेड चांगलंच मुरलेलं आहे. 2012 मध्ये त्या वेळचे पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने नाशिकहून पंढरपूरची सायकलवारी निघाली. पुढे ती नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनने चालू ठेवली, वाढवली. 2015 मध्ये इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. या माणसांकडे पाहून माझ्यासारख्या कितीतरी जणांनी बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब अंतराच्या राइडला, नावं दिली. बीआरएममध्ये 200 किलोमीटरला 13 तास 30 मिनिटं मिळतात आणि 600 किलोमीटरला 40 तास. इतका वेळ शरीराचं बरंचसं वजन बसायच्या दोन हाडांवर आणि त्यांच्यावरच्या तळहाताएवढ्या कातडीवर असतं. पायांची तयारी आम्ही महिनोन् महिने करतो. या कातडीची मात्र कोणी करत नाही.

आधी हे समजून घ्यायला हवं की सीटवरची दुखणी मुख्यतः तीन आहेत. तिन्हींची जागा जवळजवळ एकच, सुरुवातीला लालीही सारखीच, पण औषध वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की नुकसान होतं.

पहिलं काचणं. घामाने किंवा पावसाने भिजलेली कातडी मऊ पडते, फुगते. ओल्या कातडीवर कापड जास्त घासतं; कोरड्या कातडीवर सरकतं तसं सरकत नाही. शिवण, चड्डीचं इलॅस्टिक, सीटची कड, जे काही तिथे असेल ते हजारो पेडलमध्ये हजारो वेळा घासतं. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं की झोंबतं, तेव्हा कळतं. यात खाज कमी आणि आग जास्त असते. जखम साध्या पाण्याने धुवायची, अलगद टिपून कोरडी करायची, वर पेट्रोलियम जेली लावायची आणि सीटवर बसायचं नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडतो. पडत नसेल तर ते नुसतं काचणं नव्हे.

दुसरं केस्तूड आणि गळू. काचलेल्या जागी केसांच्या मुळांत जंतू शिरतात, आधी बारीक पुळी येते, मग ती ठणकायला लागते. याला कमी लेखू नका. फ्रान्सचा लुईसाँ बोबे 1953 ते 1955 असा सलग तीन वर्षं ‘टूर द फ्रान्स’ जिंकला. तिसऱ्या वर्षी तो अशाच गळवांसकट चालवत होता. नंतर शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो पूर्वीसारखा कधी झाला नाही. लॉराँ फिन्याँ 1989 ची टूर फक्त 8 सेकंदांनी हरला. शेवटच्या दिवसांत सीटवरच्या जखमेमुळे त्याला बसणं कठीण झालं होतं. जगातले सगळ्यात कणखर सायकलपटू जिथे टिकले नाहीत, तिथे आपण ‘होईल बरं’ म्हणून वारीला निघू नये. पुळी फोडायची नाही, पिळायची नाही. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेक द्यायचा आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवायची. ताप आला, लाली पसरायला लागली, गाठ वाढत गेली किंवा मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि तिसरं फंगल इन्फेक्शन. आपल्याकडे कोणी गजकर्ण म्हणतं, कोणी नायटा. माझं सगळं म्हणणं खरं तर या तिसऱ्याबद्दल आहे.

ही बुरशी केराटिनवर जगते. केराटिन म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा थर, केस आणि नखं ज्याची बनलेली असतात ते प्रथिन. तिला ऊब, ओल आणि घडी लागते, म्हणून जांघ, काख, स्तनांखालची जागा, पायाच्या बोटांच्या बेचक्या. बायकांमध्ये आणखी एक जागा असते, कंबर. परकराची, सलवारची नाडी जिथे आवळून बांधतो तिथे घाम साठतो, कापड ओलं राहतं आणि बरोबर तिथेच पट्टा उमटतो. चट्टा गोलसर असतो, बाहेरची कड उचललेली, लाल, बारीक खपल्यांची. मधला भाग त्यामानाने निवळलेला. कड बाहेर-बाहेर सरकते. खाज अशी की रात्री झोप मोडते.

माझ्या बाबतीत सुरुवात काचण्यापासूनच झाली. पंढरपूरची वारी आषाढीच्या आधी, जूनमध्ये निघते. पावसाचा नेम नाही, उन्हाचाही नाही. सिन्नर ओलांडून नगरच्या दिशेने जाताना आधी घामाने आणि मग सरीने भिजले आणि त्याच कपड्यांवर मुक्कामापर्यंत बसून राहिले. काचलेलं परत आल्यावर भरूनही आलं. पण सोलवटलेली कातडी म्हणजे बुरशीला उघडं दार. पावसाळा चांगला लागल्यावर जांघेत चट्टा आला, मग कमरेला. मैत्रिणीने आपल्या बॅगेतली ट्यूब दिली. तिला मेडिकलवाल्याने दिली होती. “ही लाव, दोन दिवसांत साफ,” ती म्हणाली. तिच्या मनात प्रेमच होतं. आणि दोन दिवसांत खाज खरोखर थांबली, लाली गेली. ट्यूब थांबवली की काही दिवसांनी चट्टा परत यायचा, आधीपेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब. असं पावसाळाभर चाललं. मग एके दिवशी मुलीच्या कमरेवर तसाच गोल दिसला आणि पाठोपाठ नवऱ्याच्या काखेत.

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे मी मुलीला घेऊन गेले होते, स्वतःला दाखवायला नव्हे. मुलीला तपासून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “घरात आणखी कोणाला आहे?” मग माझी पर्समधली ट्यूब हातात घेतली, उलटी केली, बारीक अक्षरं वाचली.

“मॅडम, ही कोणी दिली?”

“मैत्रिणीने.”

“आणि तिला?”

“मेडिकलवाल्याने.”

त्यांनी ट्यूबवरची नावं मला एकेक करून वाचून दाखवली. बुरशीचं एक औषध, जंतूंची दोन औषधं आणि वर क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांतलं सगळ्यात तीव्र गटातलं. खाज थांबवली होती ती त्याने. बुरशी मात्र जागच्या जागी होती. स्टेरॉइड कातडीची प्रतिकाराची ताकद दाबतं. लाली आणि खाज ही त्या प्रतिकाराचीच खूण असते, ती दिसेनाशी होते, म्हणून बरं वाटतं. पण प्रतिकार थांबल्यावर बुरशीला आडकाठी राहत नाही, ती पसरते. चट्ट्याची ओळखीची गोल कडही मग पुसट होते आणि पुढच्या डॉक्टरला ओळखायला कठीण जातं. शिवाय जांघेतली कातडी पातळ, घडीत दाबलेली. तिथे औषध जास्त मुरतं. महिनोन् महिने लावलं तर कातडी आणखी पातळ होते, बाळंतपणानंतर पोटावर उठतात तसे वळ मांडीच्या आतल्या बाजूला उठतात. ते वळ फिके होतात, पण जात नाहीत. माझे गेलेले नाहीत.

मला जे कळकळीने सांगायचं आहे ते एवढंच आहे: जांघेतल्या खाजेवर मेडिकलमधून ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब आणू नका आणि मित्राला देऊ नका. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, हॅलोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायची अशी 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. अशा औषधाच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते. काउंटरवर मागितलं की मिळतं, हे आपण सगळेच पाहतो. पण घेणाऱ्याने ती लाल रेघ पाहिली तरी पुष्कळ होईल. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने या ट्यूबांच्या गैरवापराविरुद्ध खास गटच उभा केला आहे, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्णाचं रूपच बदललं आहे. आमच्या आईच्या वेळी साधं मलम पंधरा-वीस दिवस लावलं की चट्टा जायचा. आता घरंच्या घरं वर्षानुवर्षं खाजवत आहेत. यामागे बुरशीचा एक नवा प्रकार आहे. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो पुष्कळदा दाद देत नाही. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकराला अडवतं, त्याच्याच जनुकात बदल झालेला असतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने न्यूयॉर्कमधल्या त्याच्या रुग्णांची वेगळी नोंद घेतली. हा प्रकार इतका का पसरला याची चर्चा करताना तज्ज्ञ चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या त्या मिश्र ट्यूबांकडे, अर्धवट सोडलेल्या औषधांकडे आणि घट्ट, न वाळणाऱ्या कपड्यांकडे बोट दाखवतात. आम्ही सायकलवाले या तिन्हींत बसतो.

डॉक्टरबाईंनी पुढे काय केलं ते सविस्तर सांगते, कारण तपासणीच्या भीतीने लोक जात नाहीत. ब्लेडच्या बोथट कडेने चट्ट्याच्या काठावरच्या खपल्या काचेच्या पट्टीवर खरवडून घेतल्या. दुखत नाही. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हे महत्त्वाचं अशासाठी, की जांघेतली प्रत्येक लाली गजकर्ण नसते. कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी असते, ती घडीत ओलसर, रसरशीत लाल दिसते आणि भोवती बारीक पुळ्या विखुरलेल्या असतात. मधुमेह्यांत आणि अँटिबायोटिक घेतल्यानंतर ती पुष्कळ दिसते. एरिथ्राझ्मा नावाचा तपकिरी डाग असतो, तो तर बुरशीचा नाहीच, जंतूंचा असतो. खास दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. आपण घरी बसून हे ओळखू शकत नाही.

औषध पोटातून आणि वरून, दोन्ही दिलं. पोटात घ्यायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. यातल्या काही यकृतावर ताण आणतात, इट्राकोनॅझोल हृदयविकाराच्या काही रुग्णांना चालत नाही आणि कोलेस्टेरॉलच्या, झोपेच्या, रक्त पातळ करायच्या काही औषधांशी तिचं पटत नाही. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल तर ते आधी सांगा. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट मुरत नाही; अॅसिडिटीची गोळी सोबत घेतली तरीही नाही. हे मला डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. पहाटेच्या राइडला जाणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच, कारण आमची अर्धी औषधं चहाबरोबर घेतली जातात.

मलम लावायची पद्धतही त्यांनी शिकवली. चट्ट्यावरच नाही, त्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं रुंद पट्ट्यापर्यंत लावायचं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. आतून बाहेर नाही, बाहेरून आत लावत यायचं. अंग पूर्ण कोरडं झाल्यावरच. आणि चट्टा गेला असं वाटल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचं. आमच्या घरात सगळ्यात कठीण गेलं ते हेच. खाज थांबली की माणूस विसरतो. कातडीवर काळसर डाग उरतो, तो आजार नव्हे, तो हळूहळू जातो. त्याच्यासाठी पुन्हा ट्यूब शोधायला लागायचं नाही.

लिंबू, लसूण, चुना, बादलीत ओतलेलं जंतुनाशक द्रव, घासलेला टाकळ्याचा पाला, हे सगळं मला कोणी ना कोणी सुचवलं. लसणाने कातडी भाजते. सोलवटलेल्या जागी यातलं काहीही लावू नका.

आता घर. घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार झाले नाहीत तर हा आजार चेंडूसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, चादर वेगळी. चट्टा असलेल्याची आतली वस्त्रं, मोजे, टॉवेल बाकीच्यांच्या कपड्यांत मशीनला टाकायचे नाहीत; सुती असतील तर 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवायचे, उलटे करून उन्हात वाळवायचे. आणि ऊन नसेल तेव्हा? नाशिक रोडच्या पावसाळ्यात हाच खरा प्रश्न. आम्ही सुती आतल्या कपड्यांना शिवणीवरून, इलॅस्टिकच्या कडेकडेने गरम इस्त्री फिरवायला लागलो. सायकलच्या शॉर्ट्सला मात्र इस्त्री नको, पॅडचा फोम आणि लायक्रा खराब होतात. त्या उलट्या करून सौम्य साबणाने धुवायच्या, कंडिशनर घालायचा नाही, कारण त्याने कापडाची घाम खेचण्याची ताकद जाते. मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायच्या आणि पंख्याखाली, पॅडची बाजू बाहेर करून टांगायच्या. हाताला कोरडं लागतं तेव्हाही पॅडच्या पोटात ओल असते, दाबून पाहायचं. पावसाळ्यात एका शॉर्ट्सवर भागत नाही. दुसरी नसेल तर दुसऱ्या दिवशीची राइड रद्द करा, ओलसर शॉर्ट्स चढवू नका.

पायही बघा. बोटांच्या बेचक्यांत पांढरट, भिजल्यासारखी कातडी असेल तर तीच बुरशी जांघेपर्यंत पोचते, कारण चड्डी पायातून वर चढते. म्हणून आधी मोजे घालायचे, मग चड्डी. पिवळी पडलेली, जाड झालेली नखं असतील तर तीही डॉक्टरला दाखवायची, तिथे बुरशी दडून राहते.

आणि मुळात काचूच नये म्हणून काय करायचं, त्यात सीट पहिली. नव्या माणसाला वाटतं मऊ सीट चांगली, म्हणून तो जाड जेलचं कव्हर चढवतो. त्यात हाडं रुततात, मधली मऊ जागा दाबली जाते, कव्हर सरकतं आणि घासतं. सीट कडकच असावी, फक्त रुंदी आपल्या हाडांना जुळणारी. घरी मोजता येते: खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, गुडघे थोडे वर घेऊन त्यावर बसायचं, उठल्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मधल्या बिंदूंतलं अंतर मोजायचं. चांगल्या दुकानात ते सांगितलं की त्या मापाची सीट दाखवतात. बायकांचं हे अंतर बहुधा जास्त असतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींवर येते ती पुरुषांच्या मापाची अरुंद सीट. सीट उंच असेल तर पेडल मारताना कंबर डावी-उजवी डोलते आणि प्रत्येक डोलण्याला कातडी घासली जाते. नाक वर केलेली सीट पुढून दाबते.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची नाही. हे मी बायकांना सांगते तेव्हा त्या दचकतात. पण पॅड कातडीला लागूनच असावं म्हणून बनवलेलं असतं. आत सुती चड्डी घातली की शिवण आली, ओल धरणारं कापड आलं आणि पॅडचा उपयोगच संपला. निघण्याआधी पॅडला आणि जांघेला सायकलसाठीचं क्रीम लावा, नसेल तर पेट्रोलियम जेली. पावडर लावू नका, घामात तिचे गोळे होतात आणि तेच काचतात. केस काढायचे असतील तर राइडच्या आदल्या दिवशी नको, खुंट टोचतात आणि केस्तूड तिथेच उठतं. चालवताना दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धं मिनिट पेडलवर उभं राहा, रक्त खेळतं, हवा लागते. आणि पोचल्यावर आधी कपडे बदला. चहा, फोटो, स्ट्रावा अॅप, सगळं नंतर.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की हा लायक्रावाल्यांचा विषय आहे. तसं नाही. पहाटे पेपर टाकणारी मुलं, एकलहऱ्याकडे आणि सिन्नरच्या एमआयडीसीकडे पाळीला जाणारे कामगार, रेनकोटखाली घामाने निथळत येणाऱ्या माझ्याच शाळेतल्या मुली, यांचे तास आमच्यापेक्षा जास्त आहेत आणि भिजलेल्या जीन्सवर हे दिवसभर बसतात. जीन्सची मधली शिवण म्हणजे काचायचं यंत्रच. यांनी महागाची शॉर्ट्स घेण्याची गरज नाही. सैल, पातळ, लवकर वाळणारी पँट. प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडी चड्डी आणि छोटा टॉवेल. कामावर पोचल्यावर लगेच बदल. निघण्यापूर्वी बोटभर पेट्रोलियम जेली. सीटवर रात्री प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली तर सकाळी सीट ओली मिळत नाही. आणि चट्टा आला तर मेडिकलऐवजी सरकारी दवाखान्याची त्वचेची ओपीडी. तिथला केसपेपर त्या ट्यूबपेक्षा स्वस्त पडतो.

मुलींच्या बाबतीत पाळीचे दिवस वेगळे सांगायला हवेत. सॅनिटरी पॅडच्या प्लास्टिकच्या कडा मांडीला काचतात आणि आत ओल कोंडतात. लांबच्या राइडला मला मेन्स्ट्रुअल कप सगळ्यात बरा वाटला. पण तो आधी घरी, सायकलविना वापरून सवय करावी. पॅड वापरायचं असेल तर तीन-चार तासांनी बदललंच पाहिजे, आणि बदलायचं म्हणजे थांबायला जागा हवी.

ती जागा आपल्या रस्त्यांवर नसते. पुरुष झाडामागे जाऊन कपडे बदलतो. बाई ओल्या शॉर्ट्सवर पुढचे 60 किलोमीटर काढते, कारण ढाब्याच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून ती पाणीही कमी पिते, त्याने दुसरीच दुखणी सुरू होतात. ‘कोरडे राहा’ हा सल्ला या अडचणीपुढे थिटा पडतो. म्हणून कुठलीही लांबची राइड ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पाण्याचे आणि केळ्यांचे थांबे ठरवता तेव्हाच कपडे बदलायचे थांबे ठरवा. साधारण दर 50-60 किलोमीटरला एक शाळा, एक मंगल कार्यालय, एक ओळखीचं घर, जिथे आतून कडी लागते, बादलीभर स्वच्छ पाणी आहे आणि दोन खिळे आहेत ओले कपडे टांगायला. बरोबरच्या गाडीत प्रत्येकीची कोरडी पिशवी वर, हाताशी ठेवा, सगळ्या सामानाच्या तळाशी नको.